कार्यवाही की कारवाई? व्यवहाराच्या पत्रातले चकवणारे शब्द

नांदेडहून निघालेला रस्ता अर्धापूर ओलांडून वारंग्याकडे जातो, त्या वाटेवर कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा लागते. ऊस, हळद आणि केळीचा हा पट्टा. गावाला भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याचे युनिट आहे, हळद वसमत, हिंगोली, नांदेडच्या मोंढ्यात जाते. म्हणजे लिहिण्याची कामे इथे रोजची आहेत. ऊसनोंदीचा अर्ज, आडत्याला थकलेल्या पैशांचे पत्र, बँकेला कर्जाचा प्रस्ताव, बचत गटाचा ठराव, शेतकरी उत्पादक कंपनीची सभेची नोटीस. ही सगळी पत्रे मराठीत जातात आणि ती लिहिण्याचे काम बहुतेक वेळा घरातल्या शिकलेल्या मुलामुलीवर किंवा गटाच्या सचिव ताईंवर पडते.

त्यांना अडचण येते ती व्याकरणाची नसते, शब्दांची असते. या भागात व्यवहाराचे शब्द तीन ठिकाणांहून आले आहेत. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे जुन्या दस्तांत बैनामा, बेबाकी असे शब्द भेटतात. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 आला आणि भाषा संचालनालयाने घडवलेले अनुज्ञप्ती, देयक, इतिवृत्त हे शब्द कचेऱ्यांत रुजले. तिसरी भाषा मोंढ्याची: उचल, पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद), काटा, शेकडा. एकाच पत्रात हे तिन्ही थर येतात. त्यात एक शब्द चुकला तर कोण कोणाला किती देणे लागतो, हेच बदलून जाते. शुद्धलेखनाची चूक वाचणारा माफ करतो. शब्दाची चूक मात्र हिशोबात धरली जाते. म्हणून पत्र लिहिताना पुढच्या क्रमाने जावे, असे मी सुचवतो.

पहिली पायरी: पत्र कशाचे आहे ते ठरवा

विषयाची ओळ लिहिण्याआधी एका कागदावर साध्या बोलीत लिहा की आपल्याला काय हवे आहे. पैसे हवेत, काही करून हवे, माहिती हवी, की झालेला अन्याय नोंदवायचा आहे? त्यावरून पत्राचे नाव ठरते. अर्जात आपण काहीतरी मागतो, आणि ते द्यायचे की नाही हे समोरच्याने ठरवायचे असते. निवेदनात गावाच्या किंवा गटाच्या वतीने म्हणणे मांडलेले असते. तक्रारीत काय चुकले, कधी चुकले आणि कोणाकडून चुकले हे सांगावे लागते. आपल्याकडे तक्रारीलाही 'निवेदन' म्हणण्याची सवय आहे, कारण तो शब्द सौम्य वाटतो. पण काट्यावर वजन कमी भरले अशी बाब असेल तर विषयात 'तक्रार' हाच शब्द असावा. सौम्यपणा मजकुराच्या भाषेत ठेवा, नावात ठेवू नका.

ज्या जोडीने सर्वांत जास्त गोंधळ होतो ती याच पायरीवर भेटते. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणे: अर्ज तपासणे, टिपणी ठेवणे, आदेश काढणे. कारवाई म्हणजे दोषी माणसावर उचललेले पाऊल: दंड, निलंबन, परवाना रद्द करणे. 'माझ्या अर्जावर योग्य ती कारवाई करावी' असे हजारो अर्जांत असते. त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर अर्जदार आपल्याच अर्जाला शिक्षा मागतो आहे. तिथे 'कार्यवाही' हवे. उलट बनावट खत विकणाऱ्या दुकानदाराविरुद्ध लिहिताना 'कार्यवाही करावी' म्हटले तर मागणी बोथट होते. तिथे 'कारवाई' हवी. एक सोपी खूण आहे. वाक्यात 'अर्जावर', 'प्रस्तावावर' असेल तर कार्यवाही आणि 'विरुद्ध' असेल तर कारवाई.

निलंबन आणि बडतर्फी हेही इथेच समजून घ्या. निलंबित माणूस नोकरीत असतो, फक्त चौकशी चालू असेपर्यंत कामावरून दूर असतो. बडतर्फ माणसाची नोकरी गेलेली असते. संस्थेच्या ठरावात एकाच्या जागी दुसरा शब्द पडला तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकते.

दुसरी पायरी: पैशाला त्याचे खरे नाव द्या

इथे घाई करू नका. सगळ्यांत महाग चुका याच शब्दांत होतात.

आधी दिलेल्या पैशाची आपल्याकडे निदान चार नावे आहेत. उचल म्हणजे पुढच्या कमाईतून किंवा मालाच्या किमतीतून कापून घ्यायची रक्कम. ऊसतोड टोळीचा मुकादम घेतो ती उचल. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम. सौदा पूर्ण झाला की ती किमतीत धरतात, आणि देणाऱ्याने सौदा मोडला तर ती परत मिळेल की नाही हे करारावर ठरते. अनामत म्हणजे जामीन म्हणून ठेवलेली रक्कम. ती किमतीत धरत नाहीत, काम पूर्ण झाले की परत करतात. अग्रिम हा सरकारी आणि संस्थांच्या हिशोबातला शब्द, आणि त्याचा नंतर पावत्यांसह हिशोब द्यावा लागतो. या चारही ठिकाणी लोक सरसकट 'आगाऊ रक्कम' लिहितात. दुकान भाड्याने घेताना दिलेले पन्नास हजार 'आगाऊ' लिहिले तर मालक म्हणू शकतो की ते भाड्यात जिरले. 'अनामत, परत करावयाची' असे लिहिले तर वाद उरत नाही.

जमिनीच्या व्यवहारात तर याहून जपायला हवे. बयाना म्हणजे इसार आणि बैनामा म्हणजे खरेदीखत. ऐकायला जवळचे हे दोन शब्द दोन टोकांचे आहेत. इसारपावती आणि साठेखत हे पुढे खरेदी करण्याचे करार आहेत, त्यांनी मालकी हलत नाही. मालकी खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच हलते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे 54 वे कलम हेच सांगते. म्हणून पत्रात 'जमीन घेतली आहे' असे मोघम लिहू नका. 'साठेखत केले आहे' किंवा 'खरेदीखत नोंदवले आहे' असेच लिहा.

साखर कारखान्यांच्या ऊसबिलांत 'परतीची ठेव' आणि 'बिनपरतीची ठेव' अशा दोन कपाती महाराष्ट्रभर वर्षानुवर्षे चालत आल्या. फरक एका 'बिन'चा. आपल्या बिलाबद्दल विचारणा करताना 'ठेव परत मिळावी' एवढेच लिहिले तर उत्तर देणाऱ्याला हवी ती ठेव धरता येते. बिलावर ज्या नावाने कपात दाखवली आहे तेच नाव, त्याच हंगामासह, जसेच्या तसे उतरवा.

थकबाकी, बाकी आणि शिल्लक यांतही घोळ होतो. शिल्लक म्हणजे आपल्याजवळ उरलेले. बाकी म्हणजे द्यायचे किंवा घ्यायचे राहिलेले, पण त्याची मुदत संपलेली असेलच असे नाही. थकबाकी म्हणजे मुदत उलटून गेलेली बाकी. ज्याचा कर्जाचा हप्ता मार्चमध्ये आहे त्याला जानेवारीत 'थकबाकीदार' म्हणणे चूक आहे आणि त्याची पत घालवणारे आहे. संस्थेच्या सचिवांनी हे कटाक्षाने पाळावे.

व्याजाचेही असेच आहे. मोंढ्यात 'दोन रुपये शेकडा' म्हणजे महिन्याला शंभरास दोन. बँकेच्या कागदावर 'द.सा.द.शे.' म्हणजे दर साल दर शेकडा, वर्षाचा दर. एक लाखावर 2 टक्के दरसाल धरले तर वर्षाचे व्याज 2,000 रुपये होते. 2 टक्के दरमहा धरले तर 24,000. पत्रात नुसते '2 टक्के व्याज' असेल तर दोघेही आपापल्या सोयीचा अर्थ लावतील. म्हणून 'द.सा.द.शे.' किंवा 'दरमहा दरशेकडा' यांपैकी एक शब्द आकड्याला चिकटून आलाच पाहिजे.

आता सहीकडे या. साक्षीदार आणि जामीनदार यांच्या सह्या एकाच पानावर, कधी कधी एकाखाली एक असतात. साक्षीदार फक्त एवढेच सांगतो की माझ्यासमोर सही झाली. जामीनदार कर्ज फेडण्याची जबाबदारी घेतो, आणि भारतीय करार अधिनियम 1872 च्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर ती जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनको आधी कर्जदाराच्या दारात गेलाच पाहिजे असे नाही. मित्रासाठी 'साक्षीला सही कर' म्हणून पुढे केलेल्या कागदावर कोणता शब्द छापला आहे ते वाचल्याशिवाय पेन उचलू नका. लिहिणारे तुम्ही असाल तर सहीच्या रेघेखाली तो शब्द ठळक लिहा. कोणाला फसल्यासारखे वाटू नये, ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे असे मी मानतो.

गहाण आणि तारण हे बोलण्यात एकच असतात. पत्रात मात्र वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे कळले पाहिजे. ट्रॅक्टरच्या कर्जात ट्रॅक्टर शेतकऱ्याच्याच दारात असतो, ते नजरगहाण. बँकेत ठेवलेले दागिने बँकेच्या ताब्यात असतात. हळद उत्पादकाला उपयोगी असलेल्या कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत माल बाजार समितीच्या गोदामात जातो, मालकी शेतकऱ्याचीच राहते, आणि मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत 180 दिवसांसाठी 6 टक्के व्याजाने कर्ज मिळते. म्हणून समितीला लिहिताना 'माल दिला आहे' असे म्हणू नका. 'माल तारण ठेवला आहे' असे म्हणा. 'दिला' म्हटले की विकल्याचा वास येतो.

पैशांच्या कागदांचीही नावे वेगळी आहेत. दरपत्रक म्हणजे काय भावाने देऊ ते सांगणारा कागद. देयक किंवा बिल म्हणजे पैसे मागणारा कागद. पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा कागद. पोच म्हणजे पत्र किंवा माल पोचल्याचा कागद, त्यात पैशाचा संबंध नाही. माल उतरवून देताना 'पावती द्या' म्हणू नये, 'माल मिळाल्याची पोच द्या' म्हणावे. बँक 'बेबाकी प्रमाणपत्र' मागते तेव्हा तिला आपल्याकडे दुसऱ्या संस्थेचे काही देणे नाही हे हवे असते. 'ना-हरकत प्रमाणपत्र' फक्त आमची हरकत नाही एवढेच सांगते. एकाच्या जागी दुसरे नेले तर फेरी वाया जाते.

तिसरी पायरी: आकडा कशाचा आहे ते लिहा

'उतारा' हा शब्द घ्या. तलाठ्याकडे गेलात तर तो सातबाराचा उतारा. शेतात उभे राहिलात तर एकरी किती माल निघाला तो उतारा. कारखान्यात गेलात तर उसातून किती टक्के साखर निघाली तो उतारा. ऊसकर्जाच्या एकाच अर्जात हे तिन्ही येऊ शकतात. तेव्हा 'सातबारा', 'एकरी उत्पादन' आणि 'साखर उतारा' असे तीन वेगळे शब्द वापरा. नुसता 'उतारा' कुठेच ठेवू नका.

साखर उताऱ्यावर उसाचा पैसा ठरतो, म्हणून टक्क्यांची भाषा नीट हवी. केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवला. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की क्विंटलमागे 3.46 रुपये जास्त. समजा उतारा 10.25 वरून 11.25 वर गेला. तर वाढ 34.60 रुपयांची होते, टनाला 346. आता कोणी पत्रात लिहिले, 'उताऱ्यात 1 टक्का वाढ झाली'. वाचणाऱ्याने 10.25 चा एक टक्का काढला तर वाढ जेमतेम 0.1 भरते, आणि टनामागचे 346 रुपये 35 च्या आसपास येतात. म्हणून वाढ नुसत्या टक्क्यांत सांगू नका, 'इतक्यावरून इतक्यावर' अशी दोन्ही टोके लिहा.

याच आकड्यांत आणखी एक खड्डा आहे. सरकार दर क्विंटलला सांगते, गावात बोलणे टनाला चालते. 355 आणि 3,550 हा एकच दर आहे, पण एकाच पत्रात दोन्ही आले की गडबड होते. एकच माप धरा. शिवाय एफआरपी हा ढोबळ दर आहे. त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती निव्वळ रक्कम येते. 'दर' या एका शब्दात दोन्ही कोंबले की शेजाऱ्याच्या बिलाशी तुलना चुकते. काट्याच्या पावतीवरही भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून निव्वळ वजन येते. पत्रात निव्वळ वजनच लिहा आणि 'निव्वळ' हा शब्दही लिहा. जाता जाता: मोजण्याचे ते परिमाण, घडून येतो तो परिणाम. 'वजनाचे परिणाम' असे छापील फलकावरही दिसते.

रक्कम अक्षरी लिहिताना 'एकोण'च्या शब्दांवर लक्ष ठेवा. 59 एकोणसाठ, 69 एकोणसत्तर, 79 एकोणऐंशी. धनादेशावर अंक आणि अक्षरे जुळली नाहीत तर परक्राम्य संलेख अधिनियम 1881 च्या 18 व्या कलमाप्रमाणे अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी धरतात. त्यामुळे अक्षरे आधी लिहा आणि त्यावरून अंक भरा.

चौथी पायरी: मुदतीचे टोक बांधा

'लवकरात लवकर' ही मुदत नाही. 'पंधरा दिवसांत' ही अर्धी मुदत आहे, कारण दिवस कधीपासून मोजायचे हे त्यात नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966 कसा लिहिला आहे ते बघा: ऊस पोचल्यापासून 14 दिवसांच्या आत पैसे, आणि त्यापुढे उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. सुरुवात, अवधी आणि चुकल्यास काय, हे तिन्ही त्यात आहे. आपले पत्रही असेच असावे. 'पर्यंत' लिहिले तर तो दिवस धरायचा की सोडायचा असा वाद निघतो, म्हणून 'दि. 31 मार्चअखेर' किंवा '31 मार्च धरून' लिहा.

सभेच्या नोटिशीत तहकूब, स्थगित आणि रद्द हे तीन शब्द अदलाबदल करून वापरतात. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब होते, म्हणजे तीच सभा, त्याच विषयपत्रिकेवर पुन्हा भरते. अंमलबजावणी थांबवली की ती स्थगित. रद्द म्हणजे संपले, आता नव्याने नोटीस काढावी लागते. विषयपत्रिका सभेआधी निघते, इतिवृत्त सभेनंतर लिहितात.

पाचवी पायरी: सारखे दिसणारे शब्द एकदा चाळा

हे भरभर करता येते. पत्राच्या वर डावीकडे 'प्रति' ऱ्हस्व. 'दोन प्रती जोडल्या' यात दीर्घ. आणि 'उत्तम प्रतीची हळद' म्हणजे दर्जा. 'उपरोक्त' नको, 'उपर्युक्त' किंवा सरळ 'वरील'. 'विहित नमुना' म्हणजे ठरवून दिलेला अर्ज, 'विदित' म्हणजे माहीत असलेले. महाराष्ट्र दिन ऱ्हस्व, कारण 'दीन' म्हणजे गरीब. परवानगी तोंडीही मिळते. परवाना कागदावर, क्रमांकासह मिळतो आणि सरकारी भाषेत त्याला अनुज्ञप्ती म्हणतात. छायाप्रत म्हणजे नुसती झेरॉक्स. साक्षांकित प्रतीवर कोणीतरी मुळाबरहुकूम असल्याची सही केलेली असते, आणि 2015 पासून अनेक कामांना स्वतःची सहीही चालते. प्रमाणित प्रत मात्र ज्या कार्यालयाचा कागद आहे तेच कार्यालय देते. सहकारी संस्थेत सभासद, कंपनीत भागधारक.

'सदर' या शब्दाबद्दल माझे मत ठाम आहे: तो जमेल तितका टाळावा. 'सदर रक्कम सदर इसमाने सदर तारखेस' या वाक्यात काहीच सांगितले जात नाही. रक्कम, नाव, तारीख पुन्हा लिहायला लाज कसली?

सहावी पायरी: लिहिलेले मोडून पुन्हा लिहा

हे एक काल्पनिक पत्र पाहा. हळद घेतलेल्या व्यापाऱ्याला शेतकरी लिहितो:

'उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर हळद आपणास दिली असून आगाऊ वजा जाता बाकी रक्कम लवकरात लवकर द्यावी, अन्यथा दोन टक्के व्याज व कार्यवाही करण्यात येईल.'

यात किती हळद, कोणता दर, आगाऊ म्हणजे उचल की इसार, व्याज महिन्याचे की वर्षाचे, काहीच नाही. तेच असे लिहिता येईल:

'दि. 3 एप्रिल रोजी मी आपणास हळद (कांडी) विकली. निव्वळ वजन 20 क्विंटल 50 किलो, दर प्रतिक्विंटल 13,000 रुपये, एकूण 2,66,500 रुपये. यातून मी घेतलेली उचल 1,00,000 रुपये आणि हमाली व तोलाई 1,500 रुपये वजा जाता आपल्याकडून 1,65,000 रुपये (अक्षरी एक लाख पासष्ट हजार) येणे आहे. पट्टीप्रमाणे देण्याची मुदत 3 मे रोजी संपली, त्यामुळे ही रक्कम आता थकबाकी आहे. ती दि. 31 मेअखेर माझ्या बँक खात्यात जमा करावी. त्यानंतर सौद्यात ठरल्याप्रमाणे द.सा.द.शे. 12 टक्के व्याज लागू होईल, आणि आपल्याविरुद्ध कारवाई व्हावी म्हणून मला बाजार समितीकडे तक्रार करावी लागेल. पट्टीची व काटा पावतीची छायाप्रत सोबत जोडली आहे.'

पत्र लांबले आहे, पण समोरच्याला विचारायला काही उरलेले नाही. 'कांडी' लिहिले ते मुद्दाम, कारण हळदीच्या गट्टूचा (गोल गड्ड्याचा) भाव वेगळा असतो. सौद्यात व्याज ठरलेच नसेल तर ते वाक्य काढून टाकावे. नसलेल्या अटीची धमकी पत्राचे वजन घालवते.

पत्र तयार झाले की ज्याला व्यवहार माहीत नाही अशा घरातल्या कोणाला तरी ते मोठ्याने वाचायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा: कोणी कोणाला किती द्यायचे, कधीपर्यंत, आणि नाही दिले तर काय? ज्या प्रश्नाला तो अडखळेल ते वाक्य बदला. मग दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती आपल्या फायलीत लावा. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि ती पोच त्याच प्रतीला टाचून ठेवा.